माझे वडील हयात आहेत

तास्कुदुकहून दुधाचा टँकर आला की त्यात काय आलं, हे सगळ्यांत आधी कालामकास बघते. दूध उतरवून घेण्याच्या विभागाची ती प्रमुख. त्या सोमवारी तिनं नेहमीसारखी फॅट तपासली, दूध घेतलं आणि ड्रायव्हर जाक्सिबेकला विचारलं, "पुढच्या सीटवर काय आहे रे?"

"चहा."

"चहा तर तू शनिवारी घेऊन गेला होतास."

"तोच आहे. परत आलाय."

हा चहा आमचे संचालक ओर्दाबेक यांनी आपल्या वडिलांना पाठवला होता. दर आठवड्याला टँकरबरोबर एक पिशवी जायची. तिच्यात चहा, साखर, आमच्याच कारखान्याचं लोणी आणि गुडघ्याच्या गोळ्या असत. या खेपेला पिशवीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. जाक्सिबेक ती घेऊन वर आला तेव्हा मी ओर्दाबेकसमोर महिन्याचे आकडे घेऊन बसलो होतो. मी या कारखान्याचा मुख्य हिशेबनीस, बेयसेन. निवृत्तीला फार दिवस उरलेले नाहीत.

"कोकेंना बरं नाही का?" ओर्दाबेकनं विचारलं. आमच्या भागात वडिलांना कोके म्हणतात, आणि वयानं किंवा मानानं मोठ्या माणसाला आगा.

"ठणठणीत आहेत, आगा. लाकडं फोडत होते."

"मग?"

जाक्सिबेक तसा बडबड्या माणूस, पण त्या वेळी टोपी हातात घेऊन नुसती फिरवत राहिला. "त्यांनी जे सांगितलं तेच सांगतो हं. माझं त्यात काही नाही. म्हणाले, मेलेल्या माणसाला चहा कशाला?"

ओर्दाबेकनं पिशवी घेऊन टेबलाखाली ठेवली. त्याचा चेहरा बघून मला कळलं, की मी नव्हतो त्या आठवड्यात काहीतरी घडलं आहे, आणि काय घडलं ते याला पक्कं ठाऊक आहे.

मी शिमकेंत शहरात नातवाच्या पाळण्याच्या जेवणाला गेलो होतो. इकडे कारखान्याचा वर्धापनदिन झाला. प्रांताच्या कार्यालयातून एक मोठे साहेब आले होते. जेवणाच्या वेळी उकडलेलं मेंढराचं डोकं ताटात घालून, रिवाजाप्रमाणे मानाच्या पाहुण्यासमोर ठेवलं. ज्याच्यासमोर ताट येतं, त्यानं सुरी घ्यायची आणि तुकडे कापून सगळ्यांना वाटायचे. पण ज्याचे वडील जिवंत आहेत, त्यानं त्या डोक्याला सुरी लावायची नसते. वडील आहेत तोवर तो मान त्यांचा. साहेबांनी छातीवर हात ठेवला, "माझे वडील हयात आहेत," असं म्हणून मान झुकवली आणि ताट यजमानाकडे, म्हणजे ओर्दाबेककडे वळवलं.

आणि ओर्दाबेकनं सुरी उचलली. नव्या यंत्राबद्दल बोलत बोलत गालाचा तुकडा कापला, जीभ कापली, वाटली. अख्खं सभागृह बघत होतं. त्याचे वडील सापार्गाली तास्कुदुकला धडधाकट आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी हूं की चूं केलं नाही. मी असतो तर बोललो असतो, असंही मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी टँकर तास्कुदुकला गेला, आणि टँकरबरोबर बातमी गेली.

ओर्दाबेक वाईट माणूस नाही, हे आधीच सांगायला हवं. पगार महिनोन्‌महिने थकत होते त्या काळात त्यानं हा कारखाना हाती घेतला. छप्पर गळायला लागलं तेव्हा स्वतः वर चढला. रोज सकाळी फाटकावर उभा राहून प्रत्येकाशी हात मिळवायचा. कोणाची आई दवाखान्यात आहे, कोणाच्या मुलीची परीक्षा आहे, हे त्याला पाठ. "आपण एक कुटुंब आहोत," असं म्हणायचा, आणि आम्ही ते मानायचो. त्याची बायको राउशान मात्र म्हणायची, "तुमच्या कारखान्यात एखादी जागा रिकामी झाली तर मला घ्या. निदान रोज सकाळी फाटकावर हात तरी मिळेल."

सापार्गाली म्हातारा तर या कारखान्याचाच. आधी घोडागाडीनं आणि मग ट्रकनं त्यानं जन्मभर वस्त्यावस्त्यांवरून दूध आणलं. हिवाळ्यात कॅन गोठू नयेत म्हणून अंगावरचा कोट काढून त्यावर घालायचा. मुलगा शिकला, संचालक झाला, तरी म्हातारा शहरात राहायला आला नाही. मुलगाही हल्ली तिकडे फारसा जात नव्हता. पिशवी जात होती.

परत आलेल्या चहानंतर आधी राउशान तास्कुदुकला जाऊन आली. संध्याकाळी माझ्या बायकोकडे आली आणि ओढणीनं डोळे पुसत, मधूनच हसत तिनं सांगितलं.

"दारातच म्हणाले, 'ये सूनबाई. तुझा सासरा गेल्याचं ऐकलं. फार वाईट झालं. चांगला माणूस होता. कधी दूध नासू दिलं नाही त्यानं.' मग मला चहा करून दिला. मी केलेला मात्र प्याले नाहीत."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? तुमच्या दुःखात सहभागी आहे, असं मीही म्हणाले."

नंतर ओर्दाबेक स्वतः गेला. गाडीचा आवाज ऐकल्याबरोबर म्हातारा मागच्या दारानं मेंढरांच्या वाड्यात गेला आणि मुलगा निघून जाईपर्यंत तिथंच बसून राहिला. बाहेर बर्फ पडत होतं. वडील गारठतील म्हणून ओर्दाबेकच लवकर निघाला. परत आला तेव्हा मला म्हणाला, "वरून धडधाकट दिसतात, पण त्यांचं हृदय दुबळं आहे, बेयसेन आगा. हा हिवाळा निघेल का, डॉक्टरही सांगत नाहीत. त्यांनी हात उचलून मला आशीर्वाद दिला नाही आणि असेच गेले, तर मी काय करू?"

आमच्याकडे त्या आशीर्वादाला बाता म्हणतात. मोठ्या माणसानं ओंजळ उघडून चार शब्द बोलायचे, सगळ्यांनी आमीन म्हणून तोंडावरून हात फिरवायचे. बापाच्या बातेशिवाय कोणी लांबच्या प्रवासाला निघत नाही. बापच निघून गेला तर मागे राहिलेल्यानं काय करायचं, हे कुठल्याच रिवाजात नाही.

सोमवारच्या बैठकीत ओर्दाबेकनं दुधाचा विषय काढलाच नाही. "त्या दिवशी माझं चुकतंय, हे तुमच्यापैकी कोणालाच कळलं नाही?" असं सरळ विचारलं.

कोणीतरी खोकलं. कोणी खिडकीकडे बघितलं.

"कळलं की," कालामकास म्हणाली. "सगळ्यांना कळलं. माझा तर घास घशात अडकला."

"मग बोलली का नाहीस?"

"मुखामेत कुठं आहेत, आगा?"

"इथंच आहेत. शीतगृहात."

"बॉयलरवरून शीतगृहात कधी गेले?"

आदल्या हिवाळ्यात याच खोलीत मुखामेतनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की बॉयलर वसंतापर्यंत टिकत नाही, आणि संचालकांचा हिशेब चुकतो आहे. ओर्दाबेक हसला होता, त्याचे आभार मानले होते, आणि पुढच्या आठवड्यात त्याला शीतगृहात पाठवलं होतं. पगार तोच. कारण इतकंच दिलं, की तिथं अनुभवी माणूस हवा. बॉयलर फेब्रुवारीत फुटला. त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही.

"तुम्ही ओरडला नाहीत, हे खरं," कालामकास म्हणाली. "तुम्ही कधीच ओरडत नाही. हसून पाठवलंत. तेव्हापासून तुम्ही हसलात की आम्ही गप्प बसतो."

मी वाणिज्य शाखेत शिकलेला माणूस. इतकी वर्षं या संस्थेचे ताळेबंद केले, आणि ते चांगले दिसतात तोवर संस्थेची तब्येत चांगली असं धरून चाललो. माणसं काय काय गिळून गप्प बसली आहेत, त्याला ताळेबंदात रकाना नसतो. त्या दिवशी बैठकीतून उठताना माझीही मान खाली होती.

ओर्दाबेक तिथून थेट शीतगृहात गेला. मीही मागोमाग गेलो. मुखामेत जाड कोट घालून लोण्याच्या पेट्या रचत होता.

"मुखामेत आगा, मला माफ करा."

"कशासाठी? बॉयलरसाठी, की डोक्यासाठी?"

"दोन्हीसाठी."

"बॉयलरचं केलं माफ. डोकं काही माझं नव्हतं." त्यानं आणखी एक पेटी उचलली. "ते ज्याचं होतं त्याला विचारा."

"ते मला भेटत नाहीत. तुम्ही माझ्याबरोबर चला. तरुणपणी तुम्ही त्यांच्या गाडीवर कॅन चढवायचात. तुमचं ऐकतील."

"माझं? म्हातारा काठी घेऊन मागे लागेल."

"आधी माझ्या मागे लागतील."

"मग येतो," मुखामेत म्हणाला. "तेवढं बघायला."

रुसलेल्या मोठ्या माणसापुढे जायचं तर रिकाम्या हातानं जात नाहीत. दंड घेऊन जायचा, आणि आपली बाजू सांगायला वयानं मोठी माणसं बरोबर न्यायची. म्हणून आम्ही जीपमध्ये एक मेंढरू आणि एक नवा चापान घेतला. चापान म्हणजे आमच्याकडचा पायघोळ, कापूस भरलेला अंगरखा. ओर्दाबेक स्वतः गाडी चालवत होता, शेजारी राउशान, मागे मुखामेत आणि मी, आणि आमच्या पायांशी मेंढरू. पॉपलरच्या रांगा संपल्या आणि उघडं माळरान लागलं, तेव्हा ओर्दाबेक आपणहून बोलायला लागला.

"मी विसरलो होतो, असं सगळ्यांना वाटतंय. बोलण्याच्या नादात हात गेला, असं."

"नाही गेला?" मी विचारलं.

"ताट वळलं तेव्हाच आठवलं होतं. तोंड उघडून सांगायचं तेवढं बाकी होतं. पण साहेब बघत होते, सगळे बघत होते, आणि..." तो थांबला. "आणि बरं वाटलं, आगा. ते ताट माझ्यासमोर आलं, ते बरं वाटलं."

त्यानं गिअर बदलला आणि पुढे बोलला.

"जेवणाला कारखान्याचे जुने लोक बोलवायचे होते. कोके आले असते तर ताट त्यांच्याकडेच गेलं असतं, प्रश्नच नव्हता. मीच म्हणालो, रस्ता खराब आहे, थकतील. रस्ता चांगला होता. ते सगळ्यांसमोर मला बोताकान म्हणतात."

बोताकान म्हणजे उंटाचं पिल्लू. लहानपणी म्हातारा त्याला त्याच नावानं हाक मारायचा, आणि पुढेही ती हाक सुटली नाही.

"मला वाटलंच होतं," राउशान म्हणाली. तिनं खिडकीबाहेर बघितलं. "रस्ता चांगला होता, हे मला तेव्हाच माहीत होतं."

या वेळी म्हातारा मागच्या दारानं गेला नाही. पाहुणे दारात आले असताना जाता येत नाही. तो काठी टेकत पुढे आला.

"ये बेयसेन. ये मुखामेत, तू अजून गोठला नाहीस?" सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलाकडे बघितलंही नाही. मी दंडाचं मेंढरू उतरवायला लागलो, तर काठी आडवी आली. "ते राहू दे गाडीत. माझ्याकडे मेंढरं आहेत."

राग कितीही असो, पाहुणा मांसाशिवाय घरातून जात नाही. म्हाताऱ्यानं स्वतःच्या वाड्यातलं मेंढरू कापलं, राउशाननं चुलीवर मोठी कढई चढवली. शिजेपर्यंत तो आमच्याशी दुधाच्या भावाबद्दल, लांडग्यांबद्दल, मुखामेतच्या सांध्यांबद्दल बोलला. ओर्दाबेक दाराजवळ, सगळ्यांत खालच्या जागेवर बसला होता. मुखामेतनं एकदा, "सापार्गाली आगा, पोरगा चुकला," असं म्हणून पाहिलं. म्हातारा म्हणाला, "कोणाचा पोरगा?"

डोकं शिजून ताटात आलं. वयानं मोठा पाहुणा मी, तेव्हा ताट माझ्यासमोर यायला हवं होतं. मी बाह्या वर केल्या होत्या. म्हाताऱ्यानं ताट उचललं, मला ओलांडून दारापर्यंत नेलं आणि मुलासमोर ठेवलं. डोक्याचं तोंड मुलाकडे केलं. सुरीची मूठही त्याच्याकडे केली.

"घे. तुला येतं."

राउशान कढईपाशी डाव धरून तशीच उभी राहिली.

ओर्दाबेकनं छातीवर हात ठेवला. ओठ हलले.

"काय?" म्हातारा म्हणाला.

"माझे वडील हयात आहेत."

"मला ऐकू कमी येतं. तुझं सभागृह मोठं होतं म्हणे. पार मागच्याला ऐकू जायला हवं."

"माझे वडील हयात आहेत!" तो ओरडला, आणि त्याचा आवाज मधेच फाटला. बाहेर कुत्रा भुंकायला लागला. मुखामेत काठीचा मार बघायला आला होता. तो आता जेवणासाठी पसरलेल्या दस्तरखानावरचं फूल बघत होता.

"ऐकलं," म्हातारा म्हणाला. "घरात ओरडू नये."

त्यानं ताट माझ्याकडे आणलं. मी त्याला वडीलधाऱ्यांच्या मानानं हाक मारून म्हटलं, "आक्सकाल, या घरात मी कोण? तुम्हीच कापा." तो बसला, सुरी घेतली, गाल कापून मला दिला, मुखामेतला दिला. मग एक कान कापला. कान आमच्याकडे लहान मुलांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. त्यानं तो सुरीच्या टोकावर धरून दाराकडे हात लांब केला.

"घे, बोताकान."

पन्नाशीला आलेला संचालक गुडघ्यांवर पुढे सरकला आणि त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. खाताना त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चावून खा," म्हातारा म्हणाला. "अडकेल."

जेवणानंतर म्हाताऱ्यानं ओंजळ उघडली. पाहुण्यांचा रस्ता सुखाचा होवो, म्हणाला. सुनेची चूल पेटती राहो. मुखामेतच्या गुडघ्यांना ऊब मिळो. कारखान्याचा नवा बॉयलर फुटू नये. आमीन. आम्ही तोंडावरून हात फिरवले. मुलाचं नाव त्यात आलं नव्हतं.

येताना मेंढरू आमच्याबरोबर परत आलं. चापान मात्र म्हाताऱ्यानं ठेवून घेतला होता. पॉपलरच्या रांगा पुन्हा दिसायला लागल्या. मग ओर्दाबेक म्हणाला, "माझं नाव होतं का? तुम्ही दोघांनी नीट ऐकलंत ना?"

"बॉयलरचं होतं," मुखामेत म्हणाला. "बॉयलर तुझाच आहे की." ओर्दाबेक संचालक झाल्यापासून पहिल्यांदाच मुखामेत त्याला तू म्हणाला.

त्यानंतर चहा टँकरनं गेला नाही. दर शनिवारी ओर्दाबेक स्वतः घेऊन जायचा. म्हातारा प्यायचा. बोलणं फार नसायचं. वाड्याचं कुंपण दुरुस्त कर, एवढं सांगायचा, आणि हा करायचा. मुखामेत पुन्हा बॉयलरवर आला. सोमवारच्या बैठकीत ओर्दाबेक सगळ्यांच्या शेवटी बोलायला लागला. लगेच सगळं बदललं असं नाही. अजूनही कधी तो हसला की खोली एकदम शांत होते. मग तोच विचारतो, "मी हसलो का?" आणि मग लोक हसतात.

सापार्गालीनं तो हिवाळा काढला. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी, आपल्या घराच्या फाटकापाशी बाकावर बसल्या बसल्या गेला. शेवटच्या शनिवारी त्यानं ओंजळ उघडली होती का, हे मी ओर्दाबेकला विचारलं नाही. त्याची पेटी आवरताना राउशानला तो चापान सापडला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. बाहीला दुकानाची चिठ्ठी तशीच होती. ओर्दाबेकनं तो मांडीवर घेऊन चिठ्ठी उलटून बघितली. "म्हणजे घेतला, की नाही घेतला?" त्यानं मला विचारलं. मी आयुष्यभर प्रत्येक गोष्ट जमेला किंवा नावे टाकत आलो. ही कुठे टाकायची, मला सांगता आलं नाही.

शरद ऋतूत पुन्हा वर्धापनदिन आला. या खेपेला जुने लोक बोलावले होते, काठ्या टेकत आले होते, मोठमोठ्यानं बोलत होते आणि तरुणांच्या चुका काढत होते. डोकं आलं ते त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्यासमोर ठेवलं. त्यानं मुखामेतशी काहीतरी कुजबुज केली, आणि दोघांनी मिळून ताट ओर्दाबेककडे वळवलं.

ओर्दाबेक उभा राहिला. छातीवर हात ठेवला आणि पार मागच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझे वडील हयात आहेत."

सगळे आपापल्या ताटांकडे बघायला लागले. गेल्या वर्षीही असंच झालं असणार, असं मला वाटलं. मीही खाली बघितलं.

"नाहीत, आगा," कालामकास म्हणाली. ती लांबच्या टेबलावर बसली होती. आवाज हळू होता, पण सगळ्यांनी ऐकला. "नाहीत ते आता. घ्यायला लागेल तुम्हाला."

तो तसाच उभा राहिला. छातीवरचा हात खाली आला नाही.

"हो," शेवटी म्हणाला. "बरं झालं सांगितलंस, कालामकास."

बसला आणि सुरी उचलली. आधी कान कापला. तो कोणाला द्यावा म्हणून सभागृहभर बघितलं. मग स्वतःच्याच ताटात ठेवला.